नाव पुकारले जाते तेव्हा

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाचे शेपूट, असे आमच्या शाळेत शिक्षकच गमतीने म्हणायचे. इतिहासाचे धडे संपता संपता जानेवारी उजाडायचा. मग उरलेल्या चार तासांत विधिमंडळ, राज्यपाल आणि न्यायालय एका दमात उरकायचे. मी सोलापुरात एकतीस वर्षे हे शेपूट शिकवले. शाळा मुलींची, मराठी माध्यमाची. निम्म्याहून जास्त मुली आपल्या मोहल्ल्यांतल्या. कुणाची अम्मी विड्या वळणारी, कुणाचे अब्बा रिक्षावाले, कुणाचे चाचा कोर्टात कारकून.

विधेयकाची तीन वाचने मुली घडाघडा पाठ म्हणत. पहिल्या वाचनात विधेयक मांडले जाते, दुसऱ्यात कलमवार चर्चा होते, तिसऱ्यात मंजुरी मिळते. मग दुसरे सभागृह आणि शेवटी राज्यपालांची सही. परीक्षेत गुणही मिळत. पण दर वर्षी एखादी तरी मुलगी पुस्तकात नसलेला प्रश्न विचारायची. ‘बाई, हात कोण कोण वर करतं? आपल्याला कळतं का?’

मला हा प्रश्न सगळ्या धड्याहून मोठा वाटतो. निवृत्तीनंतरही तो सुटलेला नाही, म्हणून आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी थोडा हिशेब पाहू. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार. त्यामुळे कायदा करायला १४५ हात लागतात, असे बहुतेकांना वाटते. पण कायद्याला बहुमत लागते ते हजर राहून मत देणाऱ्यांचे. सभागृह चालायला एक दशांश सदस्य पुरतात, म्हणजे २९. सभागृहात तेवढेच बसलेले असतील तर पंधरा जणांच्या मतावरही विधेयक मंजूर होऊ शकते. दोन्ही बाजूंची मते समान पडली तर अध्यक्ष आपले निर्णायक मत देतात. मुलींना हे ऐकून नवल वाटायचे. आपल्या वर्गाचा पट पन्नासचा आणि राज्याचा कायदा पंधरा जणांत!

दुसरी गोष्ट आवाजी मतदानाची. अध्यक्ष प्रस्ताव वाचतात. बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात. कोणता आवाज मोठा ते ऐकून अध्यक्ष निर्णय देतात. बहुतेक विधेयके अशीच मंजूर होतात, आणि त्यात गैर काही नाही. रोजच्या कामात प्रत्येक ओळीला मते मोजत बसले तर अधिवेशन संपायचेच नाही. पण आवाजाला नाव नसते. ‘होय’ म्हणणाऱ्यांत आपले आमदार होते की नाही, ते गप्प बसले होते, की बाहेर चहा पीत होते, याची नोंद राहत नाही. नोंद हवी असेल तर कुणीतरी उठून मतविभागणी मागावी लागते. मग सदस्य वेगवेगळे मोजले जातात.

हा फरक मी मुलींना निकाहाच्या उदाहरणाने समजावत असे. हॉलमध्ये तीनशे वऱ्हाडी बसलेले असतात. काझीसाहेब त्या गर्दीला विचारतात का, ‘काय हो, सगळ्यांना मंजूर आहे ना?’ नाही. मुलीची संमती वेगळी विचारली जाते. मुलाला ‘कुबूल’ स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते. वकील आणि गवाह यांची नावे निकाहनाम्यात लिहिली जातात, खाली सह्या होतात. ज्या गोष्टीने आयुष्य बांधले जाते तिथे आपण आवाजावर भागवत नाही, नाव विचारतो. हे सांगितले की मागच्या बाकावरच्या मुलीही माना डोलवायच्या. मशवरा या शब्दातही हेच आहे. ज्याचे मत विचारले त्याने ते समोर सांगायचे.

नावे मोजली गेली की काय होते, ते आपण ४ जुलै २०२२ रोजी पाहिले. विधानसभेत नव्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव होता. सदस्यांची शिरगणती झाली. बाजूने १६४, विरोधात ९९. विरोधी बाकांवरचे काही सदस्य उशिरा पोहोचले, त्यात एक माजी मुख्यमंत्रीही होते. तोवर सभागृहाची दारे बंद झाली होती. त्यांची मते मोजली गेली नाहीत. निकाल त्याने बदलला नसता, पण कोण आत होते आणि कोण दाराबाहेर, हे संध्याकाळपर्यंत साऱ्या महाराष्ट्राला कळले. आवाजी मतदानात ही गोष्ट सहज झाकली गेली असती. मोजणीत झाकली जात नाही. शाळेची हजेरीसुद्धा हेच करते.

नाव पुकारल्याने नुसती नोंदच होते असे नाही, कधी कायदाही बदलतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण मला अमेरिकेत सापडले. तिथे स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती १९२० मध्ये राज्याराज्यांच्या विधिमंडळांत फिरत होती. तेव्हा ४८ राज्ये होती आणि ३६ राज्यांची मंजुरी लागणार होती. ३५ मिळाल्या आणि गाडी अडली. छत्तिसावे राज्य टेनेसी. त्याच्या राजधानीत, नॅशविलमध्ये, दोन्ही पक्षांचे लोक छातीवर गुलाब लावून फिरत होते. हक्काच्या बाजूचे पिवळा गुलाब, विरोधातले लाल.

१८ ऑगस्ट १९२० रोजी तिथल्या प्रतिनिधिगृहात ९६ सदस्य हजर होते. विषय बाजूला ठेवावा अशी सूचना आली. त्यावर मते पडली ४८ विरुद्ध ४८. पुन्हा मोजले तरी ४८ विरुद्ध ४८. मग मूळ ठरावच मताला टाकला गेला. मतसंख्या समान राहिली असती तर ठराव पडला असता. तिथे आवाजी मतदान नव्हते. एकेक नाव पुकारले जात होते आणि सदस्य आपले मत सांगत होते. हॅरी बर्न नावाचा चोवीस वर्षांचा तरुण सदस्य होता. त्याच्या कोटावर लाल गुलाब होता, आणि बाजूला ठेवण्याच्या सूचनेवर त्याने विरोधकांनाच साथ दिली होती. पण त्या सकाळी त्याला आईचे पत्र आले होते, आणि ते खिशात होते. शेतावर राहणारी ती विधवा बाई रोज वर्तमानपत्र वाचणारी होती. घरची खबरबात लिहिता लिहिता तिने मुलाला बजावले होते की, या हक्काच्या बाजूने मत दे. नाव पुकारले गेले आणि बर्नने ‘होय’ म्हटले. काटा ४९ विरुद्ध ४७ वर गेला. त्या एका राज्याच्या मंजुरीने साऱ्या अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती झाली. दुसऱ्या दिवशी त्याने सभागृहात सांगितले की, आईचा सल्ला मानणे मुलासाठी केव्हाही हिताचे असते.

ही गोष्ट सांगितली की वर्गात शांतता पसरायची. मग मी पुढची गोष्टही सांगायची, कारण अर्धे सत्य शिकवू नये. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या स्त्रियांना नाना अटी घालून मतपेटीपासून दूरच ठेवले गेले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत त्यांना लढावे लागले. एका मताने दार उघडते, पण दारातून प्रत्येकाला आत जाऊ दिले जाईलच असे नाही.

आपल्याकडेही हा हक्क त्याच सुमारास आला. १९२१ मध्ये आधी मद्रास आणि मग मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलने स्त्रियांवरची मताची बंदी उठवली. अट मालमत्तेची होती, म्हणून आमच्यासारख्या घरांतल्या बायांना तो हक्क स्वातंत्र्यानंतरच मिळाला. तरी मी मुलींना म्हणायची, बघा, तुमच्या पणजीच्या हक्काची चर्चाही कुठल्यातरी सभागृहात, कुणीतरी मांडली म्हणूनच झाली होती.

‘मांडली म्हणून’ या शब्दांचा खरा अर्थ मला २०१४ मध्ये कळला, आणि तो मुलींनीच शिकवला.

त्या वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने दोन वटहुकूम काढले. एकात मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण, दुसऱ्यात मुस्लिमांतल्या मागास घटकांना ५ टक्के. मुस्लिमांच्या मागासलेपणाचे आकडे २००६ च्या सच्चर अहवालात आणि राज्याने नेमलेल्या महमूदुर्रहमान समितीच्या अहवालात आलेले होते. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, सरकार बदलले. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिमांचे नोकरीतले आरक्षणही थांबवले, पण शिक्षणातल्या ५ टक्क्यांना स्थगिती दिली नाही. आमच्या मोहल्ल्यात त्या दिवशी बरीच चर्चा झाली. दहावीच्या मुलींना पुढच्या जूनमध्ये अकरावीला, पॉलिटेक्निकला प्रवेश घ्यायचा होता.

पण वटहुकूम म्हणजे कायदा नव्हे. विधिमंडळ भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा घेणारा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. हे मी फळ्यावर लिहून दाखवले. एका मुलीने हिशेब केला आणि म्हणाली, ‘बाई, म्हणजे डिसेंबरातच. नागपूरच्या अधिवेशनात.’

वर्गाने पोस्टकार्डे आणली. तेव्हा एक पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळायचे. प्रत्येकीने आपल्या आमदारांना एकच प्रश्न लिहिला: शिक्षणातल्या पाच टक्क्यांचे विधेयक या अधिवेशनात येणार आहे का? एका मुलीच्या अम्मीला लिहिता येत नव्हते. ती विड्या वळता वळता सांगत गेली आणि मुलीने लिहून घेतले. खाली अम्मीने अंगठा उठवला. मुलगी म्हणाली, ‘बाई, कार्डावर अंगठा चालतो का?’ मी म्हटले, ‘का नाही चालत? नाव पुकारण्याचाच हा एक प्रकार आहे.’

नागपुरात मराठा आरक्षणाचे विधेयक मांडले गेले आणि मंजूर झाले. मुस्लिमांच्या आरक्षणाचे विधेयक मांडलेच गेले नाही. सहा आठवडे सरले आणि वटहुकूम संपला. पुढे मार्च २०१५ मध्ये त्यावर आधारलेला शासन निर्णयही रद्द झाला.

सुट्टीनंतर वर्ग भरला तेव्हा त्याच मुलीने विचारले, ‘बाई, विरोधात किती मतं पडली?’

मी म्हटले, ‘एकही नाही.’

‘मग बाजूने?’

‘एकही नाही. मतदानच झालं नाही.’

टेनेसीचे ४९ विरुद्ध ४७ समजावणे सोपे होते. हे शून्य विरुद्ध शून्य समजावणे मला फार जड गेले. धर्माच्या नावावर आरक्षण घटनेत बसत नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते. हे आरक्षण मागासलेपण मोजून दिले आहे, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते. बोलणे सभागृहात झाले असते, मते पडली असती, तर हरलो तरी कुणामुळे आणि कोणत्या कारणाने हरलो ते कागदावर राहिले असते. मराठा आरक्षणाचा पुढचा कायदा २०१८ चा. तो सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला. पण त्याची बाजू मांडली गेली, उलट बाजू मांडली गेली, निकालपत्र लिहिले गेले. पुढच्या प्रयत्नाला त्या कागदाचा आधार असतो. जे मांडलेच नाही त्याचा कागदच नाही.

विधेयकांचे घड्याळही सारखे चालत नाही, हे आपल्या लोकांनी दुसरीकडेही अनुभवले आहे. गोवंश हत्याबंदीचे विधेयक राज्याच्या विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. मंजुरीच्या साली जन्मलेले कुरेशी घरातले मूल कायदा लागू झाला तेव्हा वीस वर्षांचे होऊन बापाच्या दुकानात बसू लागले होते. एक विधेयक वीस वर्षे जिवंत राहिले, एक वटहुकूम सहा आठवड्यांत संपला. मतदानाच्या दिवशी टीव्हीसमोर बसणारे घर या दोन्ही गोष्टींपासून अनभिज्ञ राहते. जे खरे घडते ते मतदानाच्या कितीतरी आधी किंवा नंतर घडते.

पण लोकांनी वेळेवर लिहिले तर मजकूर हलतो, हेही मी पाहिले. राज्याच्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचा मसुदा २०२४ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या शब्दांची अनेकांना भीती वाटली. त्या शब्दांत कुणीही बसवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि लोकांकडून सूचना मागवल्या. बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. समितीने विधेयकाच्या उद्देशाचे शब्द बदलले, सल्लागार मंडळाची रचना बदलली. जुलै २०२५ मध्ये ते आवाजी मतदानाने मंजूर झाले. ज्यांचा विरोध होता त्यांचे समाधान झाले नाही, आणि त्यांचे म्हणणे आजही ऐकण्यासारखे आहे. तरी मसुदा आणि कायदा यांत जो फरक पडला, तो त्या बारा हजार कागदांच्या वाटेने पडला.

आणि सभागृहात बसणारा माणूस तरी कसा निवडला जातो? नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी ठरली. आपल्या एखाद्या गल्लीत याहून जास्त मतदार असतात. ‘आपल्या एका मताने काय होते’ असे म्हणणाऱ्या भावांना आणि भाभींना मी हा आकडा सांगते. पण तेवढ्यावर थांबत नाही. पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून आपले काम संपले असे मानले तर उरलेली पाच वर्षे आपण आवाजी मतदानातल्या गर्दीसारखे असतो. आवाज असतो, नाव नसते.

नाव लागावे असे वाटत असेल तर काम फार अवघड नाही. राज्यात वर्षाला तीन अधिवेशने भरतात: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. विधेयके मराठीत छापली जातात आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, अधिवेशन सुरू झाले की कोणती विधेयके येणार आहेत ते पाहा आणि रात्री जेवताना दोन वाक्यांत सर्वांना सांग. आपल्या शिक्षणाशी, धंद्याशी, वक्फच्या जमिनीशी, बाईच्या सुरक्षिततेशी संबंध असलेले एखादे निघाले तर आमदारांना लिहा. रागाने नको, अदबीने लिहा. बाजूने असाल तर का, विरोधात असाल तर कोणत्या कलमाला, तेवढेच लिहा. आणि शेवटी एक वाक्य जरूर घाला: ‘हे मताला येईल तेव्हा आपण मतविभागणी मागावी आणि आपले मत आम्हाला कळवावे.’ विषय केवळ मुसलमानांचाच असावा असेही नाही. पाण्याचे, वीजबिलाचे, विडी कामगारांच्या पेन्शनचे प्रश्न सर्वांच्याच घरात आहेत. शेजारच्या काकूंची सही घेतली तर पत्राला वजन येते आणि शेजारधर्मही वाढतो.

त्या पोस्टकार्डांपैकी एकाला उत्तर आले होते. दोन ओळींचे, विषय सभागृहात उपस्थित करू एवढेच सांगणारे. ते अंगठ्याच्या कार्डाला आले होते. अम्मीने ते पत्र जपून ठेवले. लिहिता न येणाऱ्या बाईच्या नावाने विधानसभेच्या सदस्याचे पत्र तिच्या पत्त्यावर आले, ही गोष्ट तिने साऱ्या गल्लीला सांगितली. तिची मुलगी ओपनमधून लढून वकील झाली आहे. अल्हम्दुलिल्लाह, आता कोर्टात पुकारा झाला की ती उठून उभी राहते. मला तिने मागच्या ईदला सांगितले की, तिच्या मोहल्ल्यातल्या बाया दर अधिवेशनाआधी तिच्याकडे बसतात. ती विधेयक वाचून दाखवते, त्या प्रश्न विचारतात, मग पत्र लिहिले जाते. खाली सह्या होतात. ज्यांना सही येत नाही त्या अंगठा उठवतात.